ठमीचे म्हातारपण

मांजर म्हातारे झाले की घराबाहेर जाऊन कुठेतरी नाहीसे होते, असे आपल्याकडे सगळेच सांगतात. आमच्या वस्तीतही हाच समज आहे. खरे पाहता आपल्या वस्त्यांतली बहुतेक मांजरे म्हातारी होण्याइतकी जगतच नाहीत. गाडीखाली जातात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, काहीबाही खाऊन मरतात. त्यामुळे सतरा वर्षांची मांजर घरात असणे म्हणजे काय, हे आम्हाला सांगणारे कोणी नव्हते. जे शिकलो ते पडत-झडत शिकलो. वाचक बंधू-भगिनींपैकी कोणाच्या घरी असे म्हातारे जनावर असेल तर त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहोत.

ठमी आमच्याकडे आली ती २००८ च्या पावसाळ्यात. विक्रोळीच्या टागोर नगरात आमची बैठी खोली, पुढे ओटा. ओट्यावर आई तांदूळ निवडत बसली होती. मुठीएवढे पिल्लू गटाराच्या कडेने भिजत आले आणि सरळ तिच्या पदराखाली शिरले. आई म्हणाली, "बसू द्या. पाऊस उघडला की जाईल." तो पाऊस अजून उघडायचा आहे. आमची थोरली त्या वेळी तीन वर्षांची होती, आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. धाकटा तर ठमीच्याही नंतरचा. लहानपणी त्याला कोणी विचारले, घरात माणसे किती, तर तो आम्हा पाचजणांत ठमी धरून सहा सांगायचा.

डॉक्टरांचा एक ठोकताळा आहे. मांजराची पहिली दोन वर्षे म्हणजे माणसाची चोवीस, आणि पुढे दर वर्षाला चार. म्हणजे सतरा वर्षांची ठमी माणसाच्या हिशोबात चौऱ्याऐंशीची झाली. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हा हिशोब सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी माझ्यापरीस थोरली झाली की ही." तेव्हापासून ती ठमीला ठमाबाई म्हणते.

आजार पहिल्यांदा ओळखला तो आईनेच. २०२४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. ठमी बादलीत तोंड घालून पाणी पिऊ लागली. मांजर मुळात पाणी कमीच पिते. उन्हाळ्यात सगळेच पाणी पितात म्हणून कोणी मनावर घेतले नसते, पण तिचा वाळूचा टब साफ करायचे काम आईकडे. पूर्वी दिवसाला दोन ढेकळे निघत, ती पाच निघू लागली. आई म्हणाली, "ही पानी पिती अन् समदं टाकून देती. अंगाला लागत न्हाई. तुझ्या बापाचं असंच हुतं." आमचे वडील गिरणीत होते. त्यांना मधुमेह होता, शेवटी किडन्या गेल्या आणि २००६ साली ते वारले. त्यांचे सगळे आईने केले. तेव्हा तिचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

एका खासगी दवाखान्यात ठमीला नेले. तिथल्या डॉक्टरांनी वय विचारले. सोळा सांगितले. ते म्हणाले, मग आता काय करायचे, म्हातारी झाली. हात लावला नाही, फी मात्र घेतली. जनावराच्या म्हातारपणाला आजार समजायचे नाही, ही समजूत फक्त अडाण्यांतच असते असे नाही, एवढे तिथे कळले.

मग आम्ही एक किरकोळ रजा टाकली आणि परळ गाठले. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासूनचे. त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटवर जाळी बांधून ठमीला आत बसवले. रिक्षा शीवपर्यंतच जाते, पुढे टॅक्सी. सगळी वाट ती ओरडत होती आणि टॅक्सीवाले चाचा तिला "बस बेटा, आ गया" म्हणत होते. तिथल्या रांगेत पाय मोडलेली शेळी होती, कुत्री होती, खांद्यावर पोपट घेतलेला एक कॉलेजचा मुलगा होता. एकाने बुटाच्या खोक्यातून कबुतर आणले होते. ते कबुतर त्याच्या मालकीचेही नव्हते, रस्त्यात पडलेले सापडले म्हणून तो कामावर उशीर करून आला होता.

ठमीचे वजन पूर्वी चार किलोच्या वर होते, ते २.९ किलो भरले. रक्त तपासले. क्रिएटिनिन ३.८ आले. मांजरांमध्ये हा आकडा १.६ च्या आत असावा लागतो. २.९ ते ५ म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी पायरी, आणि ५ च्या वर चौथी. पायऱ्या चारच आहेत.

डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितले. घरातले मांजर हे मूळचे आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराच्या कुळातले. थोड्या पाण्यात भागवायचे आणि लघवी घट्ट करून पाणी शरीरात राखायचे, हे त्याच्या किडनीचे कसब. म्हातारपणी हे कसब जाते. लघवी पाण्यासारखी होते, शरीर सुकते, म्हणून जनावर पाणी पीत सुटते. मांजर आजार लपवते हीदेखील खरी गोष्ट आहे. रानात ते शिकार करते तशी त्याचीही शिकार होते, त्यामुळे दुबळेपणा दाखवणे त्याला परवडत नाही. क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर किडनीचे सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडलेले असते. गेलेले परत येत नाही. उरलेले पुरवून वापरायचे. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, शिल्लक पुरवून वापरणे म्हणजे काय हे आम्हाला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

उपाय म्हणजे पाणी. घरच्या घरी, कातडीखाली सलाईन. एक दिवसाआड शंभर मिली रिंगर लॅक्टेट. ऐकून आमचे हातपाय गार पडले. पण माणसाला शिरेतून देतात तसे हे नसते. मानेमागे दोन खांद्यांच्या मध्ये मांजराची कातडी सैल असते, ती चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्यात सुई सरकवायची. पाण्याचे टेंगूळ येते, ते काही तासांत जिरते. सुई आमच्या हाताला साधली नाही. मुलांच्या आईचा हात शिवणकामाचा आहे, बावीस वर्षे ती मशीनवर ब्लाऊज शिवते आहे. तिसऱ्या खेपेपासून तिने ते काम असे उचलले की ठमी पाठ वळवूनही बघत नाही. आमच्याकडे बाटली धरण्याचे काम. भिंतीत एक खिळा ठोकलेला आहे, पण आईला ते चालत नाही. कोणीतरी हातात बाटली धरून उभे राहिले पाहिजे, असे ती म्हणते.

काही बारीक गोष्टी सांगून टाकतो, कारण त्यांनीच जास्त फरक पडला. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची आणि बाळाच्या दुधासारखा थेंब मनगटावर टाकून बघायचा. गार पाणी अंगात गेले तर जनावर थरथरते. सुई दर वेळी नवी. किती द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे. हृदय कमजोर असलेल्या मांजराला हेच पाणी घातक होते. वाळूच्या टबाची एक बाजू आम्ही करवतीने कापून ठेंगणी केली, कारण म्हाताऱ्या सांध्यांना पाय उचलणे जड जाते. खाटेजवळ पाट ठेवला, त्यावर पाय देऊन ती वर येते. खाण्यासाठी किडनीचे वेगळे खाद्य मिळते, पण त्याचे पुडके आमच्या ऐपतीबाहेरचे आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते मिळाले तर उत्तमच, नाही तर तिला रुचेल ते द्या, पण उपाशी ठेवू नका. मांजर काही दिवस खाल्ल्यावाचून राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि किडनीच्या आधी तेच जिवावर बेतते. म्हणून उकडलेली कोंबडी, बिनमिठाची. सुका जवळा आणि बोंबील, जे तिचे जन्माचे आवडते, ते बंद. हा नियम आईने कधी पाळला असेल असे आम्हाला वाटत नाही.

शेजारच्या मावशींनी एकदा पॅरासिटामॉलची गोळी आणून दिली. म्हणाल्या, अंग दुखत असेल बिचारीचे, अर्धी द्या. मावशींचे मन चांगले, आमच्या दोन्ही मुलांना त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवले आहे. पण हे सर्वांनी लक्षात ठेवावे: पॅरासिटामॉल हे मांजराला विष आहे. ते पचवायला लागणारी शक्ती त्याच्या यकृतात नसते, एका गोळीनेही मांजर मरते. काळ्या फिनाईलचेही तसेच. फरशीवरचे फिनाईल पंजाला लागते, पंजा मांजर चाटते. आम्ही आता साध्या साबणाच्या पाण्याने फरशी पुसतो.

आता खर्चाचे. गेली वीस वर्षे घरचा जमाखर्च आम्ही वहीत लिहितो. पहिल्या महिन्यात हा खर्च कोणत्या सदरात टाकावा असा प्रश्न पडला. औषधपाणी हे सदर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे. किरकोळमध्ये टाकला. आईला अक्षरओळख आहे. तिने वही पाहिली आणि बोट ठेवून विचारले, "ठमाबाई किरकोळ हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी ठमीच्या नावाचे वेगळे सदर पडले. महिन्याला १,४०० ते १,६०० रुपये होतात. एक मर्यादा घालून घेतली आहे: मुलांची फी आणि आईची औषधे आधी, आणि ठमीसाठी पतपेढीचे कर्ज काढायचे नाही. या मर्यादेबद्दल थोरली आमच्याशी वाद घालते. घालू दे. पगार किती आणि महिन्याचे दिवस किती, हे तिला अजून एकत्र बघावे लागलेले नाही.

बाहेरचे लोकही बोललेच. शनिवारी संध्याकाळी आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. सलाईनच्या दिवशी आम्हाला तिथे पोचायला उशीर होऊ लागला. कारण सांगितले तेव्हा हशा पिकला. आमचे एक जुने सहकारी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आपल्या माणसांना डायलिसिसला नंबर लागत नाही आणि तुम्ही मांजरीला पाणी चढवता?" प्रश्न खोटा नव्हता. आमच्या वडिलांसाठी त्या नंबरच्या रांगेत आम्ही स्वतः उभे राहिलेलो आहोत. आम्ही एवढेच म्हणालो, ठमीचे शंभर मिली बंद केले म्हणून कोणाचा नंबर पुढे सरकणार आहे का? सरकणार असेल तर आज बंद करतो. त्यांचे समाधान झाले असे नाही. परंतु पुढच्या शनिवारी त्यांनी आमच्या वाट्याचे अर्ज न बोलता स्वतःकडे ओढून घेतले, "तुमचं उरकून या," म्हणाले.

वर्षभर बरे गेले. ठमीचे अंग भरले नाही, पण केस पुन्हा तुळतुळीत झाले, सकाळी ओट्यावर उन्हाला जाऊ लागली, कावळ्यांवर गुरगुरू लागली. मग २०२५ च्या पावसाळ्यात पुन्हा उतरण लागली. रात्री-अपरात्री उठून भिंतीकडे तोंड करून ओरडायची. तोंडाला घाण वास. वजन २.३ किलो. पुन्हा परळ. क्रिएटिनिन ६.१. चौथी पायरी.

या वेळी डॉक्टरबाई थोडे थांबून बोलल्या. त्रास फार वाढला तर झोपेचे इंजेक्शन देऊन सोडवता येते, आज नाही, पण घरी बोलून ठेवा. ती वेळ आल्यावर बोलायला बसलात तर उशीर होतो.

घरी बोलणे निघाले ते जेवणे झाल्यावर. थोरली म्हणाली, हाल करण्यापेक्षा तेच बरे. धाकटा ताटावरून उठलेला होताच, तो चपला घालून बाहेर गेला. मुलांची आई म्हणाली, "एक सुई मी दिवसाआड टोचते. ती दुसरी सुई मला बघवणार नाही." आणि आमच्यापुढे पहिले शील उभे राहिले. जीवहिंसेपासून दूर राहण्याचे वचन आपण रोज घेतो, ते फक्त दुसऱ्याच्या घरासाठी नसते. शीलात हेतू पाहायचा असतो, हे आम्ही वाचले आहे, भाषणातही सांगितले आहे. पण आपला हेतू चांगला आहे हे स्वतःला पटवणे फार सोपे आहे. रात्री तीनला उठून जो वैतागला आहे, तोही सकाळी म्हणणार की बिचारीचे हाल बघवत नाहीत. हाल तिचे की आपले, हे कसे ओळखायचे?

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. ठमी तिच्या मांडीवर. आमची कल्पना होती की ती ठाम नाही म्हणेल. ती म्हणाली, "तुझा बाप शेवटाला मला इचारायचा, अजून किती दिस. म्या खोटं सांगायची, बरं वाटंल म्हनून. त्येंना बोलता येत हुतं तर म्या ऐकून घेतलं न्हाई. हिला तर बोलताच येत न्हाई. तवा आपुन नीट बघायचं. उगा ठेवायचंबी न्हाई अन् उगा घालवायचंबी न्हाई." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "माझ्या येळला मला इचारा. मला बोलता येतंय."

त्यावर कोणालाच काही सुचले नाही. गेले वर्षभर आम्ही ठमीची बाटली धरून उभे होतो तेव्हा आई काय बघत होती, ते आम्हाला त्या रात्री समजले. बाटली खिळ्याला का टांगू देत नव्हती, तेही.

कॅलेंडरची युक्ती थोरलीची. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या तारखेखाली दोन रकाने केले. एक ठमीचा, एक आमचा. ठमीच्या रकान्यात आईने खूण करायची, दुसऱ्या कोणी नाही. खाल्ले, ओट्यावर गेली, हाक मारल्यावर कान हलवला, तर उभी रेघ. नाही तर फुली. आमच्या रकान्यात आम्ही चौघांनी मिळून आपली खूण करायची: झोप झाली का, चिडचिड झाली का, पैशांची ओढाताण झाली का. तिचा त्रास आणि आपला त्रास एका खात्यावर धरायचा नाही. आम्ही इतकी वर्षे हिशोबाच्या टेबलावर बसतो, पण ही गोष्ट एका वीस वर्षांच्या मुलीने दाखवून द्यावी लागली याचे आम्हाला कौतुकच वाटले.

महिनाभराच्या नोंदी समोर आहेत. तीस दिवसांत ठमीच्या रकान्यात एकोणीस रेघा, अकरा फुल्या. आमच्या रकान्यात मात्र फुल्या सोळा. मुलांच्या आईने ते मोजले आणि म्हणाली, "म्हणजे अजून आपणच जास्त दमलोय." त्यावर उपाय निराळा निघाला: रात्रीच्या पाळ्या लावल्या. धाकटा दहावीला आहे, तरी त्याने एक पाळी मागून घेतली. आता ठमी रात्री ओरडली की तो तिच्याजवळ बसून इतिहासाचे पुस्तक मोठ्याने वाचतो. माणसाचा आवाज आला की ती गप्प होते. म्हाताऱ्या मांजरांना कमी दिसते, कमी ऐकू येते, अंधारात आपण कुठे आहोत ते उमजत नाही, म्हणून ती ओरडतात. आता एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवतो, त्यानेही फरक पडला.

ठरले आहे ते असे. एका आठवड्यात तिच्या रकान्यात रेघांपेक्षा फुल्या जास्त झाल्या, तर डॉक्टरांना बोलवायचे. घरी येणारे एक डॉक्टर शोधून ठेवले आहेत. टॅक्सीत ओरडत तिचा शेवट नको, यावर सगळ्यांचे एकमत झाले. धाकटाही हो म्हणाला, मात्र त्याने कॅलेंडरवरचे बोट काढले नाही. मुंबई महानगरपालिकेने २०२३ साली मालाडला पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे, तिथे न्यायचे. पहिल्या शीलाचा प्रश्न आमच्यापुरता मिटला आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या वाचकांत याविषयी वेगळे मत असणारे असतील, त्यांचे मतही आम्हाला ऐकायचे आहे.

आईची एकच अट आहे. त्या दिवशी सगळ्यांनी घरात थांबायचे. कामाचे निमित्त सांगून कोणी बाहेर जायचे नाही. आमच्या खात्यात तीन किरकोळ रजा शिल्लक होत्या. त्यांतल्या दोन बाजूला ठेवल्या आहेत.